शिलेखान्याने राखलेले चर्च: इस्तंबूलच्या आया इरिनीचे प्रकरण

१० जुलै २०२० रोजी तुर्कस्तानच्या राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, आया सोफियाचे संग्रहालय करणारा १९३४ चा मंत्रिमंडळाचा ठराव रद्द केला. २४ जुलैला तिथे शुक्रवारचा नमाज झाला आणि जगभर बातमी झाली. त्याच आया सोफियाच्या मागून तोपकापी राजवाड्याकडे निघालात तर थोड्याच वेळात राजवाड्याचा बाहेरचा दरवाजा लागतो. आत शिरले की डाव्या हाताला झाडांमागे विटांची एक तांबूस, बोडकी इमारत दिसते. ही आया इरिनी. तीही बायझंटाईन सम्राटांची, तीही शतकानुशतके ऑर्थोडॉक्स चर्च म्हणून नांदलेली, तीही १४५३ मध्ये ऑटोमनांच्या हाती गेलेली. तिचे मात्र काहीही बदलले नाही. ऐंशीच्या दशकापासून ती इस्तंबूलच्या संगीत महोत्सवाची मुख्य जागा आहे. दिवसा संग्रहालय आणि काही संध्याकाळी मैफल, हा तिचा क्रम आजही आहे.

आपल्याकडच्या सहलींच्या वेळापत्रकात आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी आणि ग्रँड बझार असतो. आया इरिनीसमोरून सगळेच जातात, आत फारच थोडे. मला मात्र तिचे प्रकरण आया सोफियापेक्षा जास्त शिकवणारे वाटते. धर्मस्थळाचे सांस्कृतिक केंद्र करायचे म्हटले की चर्चा पुनर्बांधणी, ध्वनी, प्रकाशयोजना आणि पैसा यांवर येते. इथला निर्णायक मुद्दा यातला एकही नाही. चर्च बंद पडल्यावर आणि संगीत सुरू होण्याआधी तिथे नेमके काय होते, याने तिचे भवितव्य ठरले.

आधी इमारतीबद्दल

परंपरा सांगते की इथले पहिले चर्च कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात बांधले. ३६० मध्ये पहिली आया सोफिया उघडेपर्यंत हेच शहराचे मुख्य चर्च होते, आणि ३८१ ची दुसरी सार्वत्रिक धर्मपरिषद इथेच भरली असे मानतात. ५३२ च्या जानेवारीत निका दंगलीत दोन्ही चर्चे जळाली. जस्टिनियनने दोन्ही पुन्हा उभारली. दोघांचे आवार एकच होते, पुरोहितवर्गही एकच. मधल्या जागेत सॅम्सनचे रुग्णालय होते, त्याचे अवशेष आजही दक्षिण बाजूला दिसतात.

७४० च्या भूकंपात इमारतीची मोठी पडझड झाली. त्यानंतरची दुरुस्ती पाचव्या कॉन्स्टंटाईनच्या काळातली. हा सम्राट कट्टर मूर्तिभंजक. ७५४ मध्ये त्याने परिषद भरवून चर्चमधल्या पवित्र प्रतिमांवर बंदी घातली होती. म्हणून पूर्वेच्या अर्धवर्तुळाकार गाभाऱ्याच्या छतावर येशू नाही, मेरी नाही, संत नाहीत. सोनेरी मोझेकच्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघेचा एक साधा क्रूस, त्याखाली पायऱ्या, आणि कमानीवर बायबलमधली वचने. ८४३ मध्ये प्रतिमापूजा परत आल्यावर इतर चर्चांमधले असे क्रूस काढून तिथे मेरी बसवली गेली. आया सोफियात ८६७ मध्ये मेरीचे मोझेक आले. इथला क्रूस तसाच राहिला. मूर्तिभंजनाच्या काळातली कला जगात फार थोडी उरली आहे आणि त्यातला हा एक ठळक नमुना.

क्रूसाखाली दगडी पायऱ्यांची अर्धवर्तुळाकार बैठक आहे. पुरोहित इथे श्रोत्यांकडे तोंड करून बसत. त्या पायऱ्यांच्या पोटातून एक अरुंद बोळ जातो. इस्तंबूलच्या उरलेल्या बायझंटाईन चर्चांत अशी बैठक आणि पश्चिमेचा मूळ प्रांगणचौक, दोन्ही फक्त इथेच शाबूत आहेत. या गोष्टी पुढे मंचाच्या मांडणीत कामी आल्या, त्याकडे येतोच.

चर्च ते शिलेखाना

१४५३ नंतर दुसऱ्या मेहमेदने आया सोफियाची मशीद केली आणि ती आपल्या वक्फात घातली. काही वर्षांनी त्याने जवळच्या टेकाडावर नवा राजवाडा बांधायला घेतला. त्याच्या बाहेरच्या तटाची रेषा अशी पडली की आया इरिनी राजवाड्याच्या पहिल्या चौकात आली आणि आया सोफिया तटाबाहेर राहिली. राजवाड्याच्या आत, सुलतानाच्या 'यानिसरी' या खास पायदळाच्या वावराच्या चौकात असलेल्या या भक्कम इमारतीचा सगळ्यांत सोयीचा उपयोग होता शस्त्रे ठेवण्याचा. तिचा शिलेखाना झाला. मिनार उठला नाही, मिहराब म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा बसला नाही, नमाज झाला नाही.

पुढची साडेचार शतके हेच चालले, पण चालता चालता शिलेखान्याचे संग्रहालय होत गेले. १७२६ मध्ये तिसऱ्या अहमदच्या काळात जुनी शस्त्रे मांडून ठेवली गेली. १८४६ मध्ये तोफखान्याचा मुख्य अधिकारी अहमद फेथी पाशा याने इथे दोन संग्रह उभे केले: एक जुन्या शस्त्रांचा, दुसरा पुरातन वस्तूंचा. हा पाशा व्हिएन्ना आणि पॅरिस इथे राजदूत राहून आला होता, सुलतान दुसऱ्या महमूदचा जावईही होता. युरोपातली संग्रहालये त्याने डोळ्यांनी पाहिली होती. १८६९ मध्ये याच संग्रहाला 'म्युझे-इ हुमायुन', म्हणजे शाही संग्रहालय, असे नाव मिळाले आणि गालातासराय शाळेतला एडवर्ड गूल्ड हा शिक्षक त्याचा पहिला संचालक झाला. वस्तू इतक्या वाढल्या की १८७५ मध्ये पुरातन संग्रह शेजारच्या चिनीली कोश्क या महालात हलवावा लागला. आजच्या इस्तंबूल पुरातत्त्व संग्रहालयाचे मूळ इथे आहे. म्हणजे तुर्की संग्रहालयांची पहिली शाळा एका चर्चमध्ये भरली, आणि ती भरवली तोफखान्याच्या अधिकाऱ्याने.

शस्त्रे मागे राहिली. १९०८ पासून अहमद मुहतार पाशाच्या हाताखाली इथे रीतसर लष्करी संग्रहालय सुरू झाले. या माणसाला लोक कसे आणायचे ते कळत होते. त्याने यानिसरींचे पुतळे मांडले, नेमबाजीची जागा केली, सिनेमा दाखवला, आणि १९१४ मध्ये जुन्या 'मेहतर' या लष्करी वाद्यवृंदाचे पुनरुज्जीवन केले. १८२६ मध्ये यानिसरी दल बरखास्त झाले तेव्हा हा वृंदही संपला होता. महोत्सवाच्या पत्रकांत आया इरिनीतले संगीत १९७० च्या दशकापासून सुरू झाल्यासारखे वाटते. खरे तर नगारे आणि सनईसारखा झुरना या संग्रहालयाच्या आवारात त्याच्या साठ वर्षे आधी वाजत होते.

दुसऱ्या महायुद्धात इथला संग्रह अनातोलियात नीदेला हलवला गेला. युद्धानंतर लष्करी संग्रहालय परत इथे न येता पुढे हारबिये भागात गेले. डागडुजी झाली आणि इमारत आया सोफिया संग्रहालयाच्या ताब्यात आली. मग ती बराच काळ रिकामीच होती.

नाट्यगृहाची आग आणि महोत्सव

२७ नोव्हेंबर १९७० रोजी इस्तंबूलमधल्या तक्सीम चौकातल्या सांस्कृतिक भवनाला आग लागली. प्रयोग चालू असताना. शहराचे एकमेव मोठे, आधुनिक नाट्यगृह आणि सभागृह उघडून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ते पुन्हा उघडायला १९७८ उजाडले, आणि तेव्हा त्याला अतातुर्क सांस्कृतिक केंद्र हे नाव मिळाले.

याच मधल्या काळात प्रजासत्ताकाची पन्नाशी आली. उद्योगपती नेजात एज्झाजिबाशी यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये इस्तंबूल संस्कृती व कला प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच उन्हाळ्यात पहिला इस्तंबूल महोत्सव झाला. शहरात मोठे सभागृह धडपणे उभे नाही आणि महोत्सव तर करायचा, अशा वेळी आयोजकांची नजर ऐतिहासिक वास्तूंकडे जाणे साहजिक होते. ज्या वास्तूवर कुणाचा रोजचा वापर नाही, जिच्यात मोठा मोकळा अवकाश आहे, जिला छप्पर आहे आणि जी शहराच्या मध्यभागी आहे, अशी यादी केली तर आया इरिनी पहिल्या रांगेत येते. १९८७ च्या पहिल्या इस्तंबूल द्वैवार्षिकीतही आधुनिक कलाकृती मांडायला हीच जागा घेतली गेली. तेव्हा नुकतेच, १९८५ मध्ये, युनेस्कोने शहराचा जुना भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला होता.

अतातुर्क केंद्र २००८ मध्ये पुन्हा बंद झाले, २०१८ मध्ये पाडले गेले, आणि नवी इमारत २९ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तेरा वर्षे या केंद्राविना काढलेल्या शहरात पंधराशे वर्षांच्या चर्चवर किती भार आला असेल, याचा अंदाज करता येतो. वारसा वास्तूंच्या 'पुनर्वापरा'ची भाषणे ऐकताना मला हे नेहमी आठवते. अनेकदा तो पुनर्वापर वारशाच्या प्रेमापोटी होतच नाही. नवे बांधायला कुणी तयार नसते किंवा बांधलेले चालवता येत नाही, म्हणून जुन्याला कामाला लावले जाते.

घुमटाखालचा आवाज

इमारत आडवी लांब आहे. खालून पाहिली तर बॅसिलिका, म्हणजे लांबट दालनाचे चर्च, वर पाहिले तर क्रूसाच्या आकाराची घुमटी रचना. पूर्वेला वीस खिडक्यांचा उंच घुमट, पश्चिमेला एक लंबगोल, बसका घुमट. वाद्यवृंद पूर्वेला क्रूसाखाली बसतो आणि श्रोते मधल्या भागात खुर्च्यांवर. पुरोहितांच्या पायऱ्या वादकांच्या पाठीशी येतात. आवाज मागच्या वक्र भिंतीवर आदळून पुढे येतो, घुमटात चढतो आणि सावकाश विरतो.

अशा जागेत काय चालते आणि काय नाही हे कार्यक्रम ठरवणाऱ्याला पक्के माहीत असावे लागते. संथ लयीचे समूहगान, तंतुवाद्ये, बरोक काळातली लहान वाद्यवृंदाची रचना इथे खुलते, कारण स्वरावर स्वर चढत गेला तरी तो लिहिलेलाच तसा असतो. द्रुत पियानो, तालवाद्यांची गर्दी आणि भाषण इथे पडते. आपल्याकडचा तबला चौगुणीत अशा घुमटाखाली नेला तर बोल एकमेकांत मिसळून जातील. पिलू-भैरवीचा आलाप मात्र छान लागेल. बांधणारे गवय्यांचा विचार करतच होते, फक्त त्यांचा गवय्या म्हणजे बायझंटाईन स्तोत्रगायक.

भिंतींचा मुलामा बहुतेक गळला आहे, वीट उघडी आहे. यावर हळहळणारे लोक आहेत. पण हे उघडेपणच इथल्या कार्यक्रमांना सोयीचे पडले. झाकायला काही नाही. आया सोफियात २०२० पासून नमाजाच्या वेळी मेरीच्या मोझेकपुढे पडदे ओढावे लागतात. इथे संगीत चालू असताना क्रूस उघडाच असतो आणि त्याने कुणाच्या उपासनेत व्यत्यय येत नाही, कारण उपासना चालूच नाही. आठव्या शतकातल्या मूर्तिभंजकांनी प्रतिमा टाळल्या, ऑटोमनांनी नमाज टाळला, आणि या दोन टाळण्यांतून विसाव्या शतकाला एक तयार सभागृह मिळाले.

अडचणी कमी नाहीत. बाहेरची जमीन शतकानुशतके भरत गेली आणि आतली फरशी खाली राहिली. आत जायला उतार उतरावा लागतो. परिणामी भिंतींत ओल चढते. शेकडो माणसांचा श्वास, दिव्यांची उष्णता आणि बाहेरचा दमट समुद्री वारा यांनी ती ओल आणखी त्रास देते. वादकांच्या खोल्या, मालाची ने-आण, स्वच्छतागृहे, यांतले काहीच मूळ इमारतीत नाही आणि भिंतीला भोक पाडून आणता येत नाही. मंच, खुर्च्या, दिवे आणायचे, लावायचे आणि काढून न्यायचे. शिवाय जागा राजवाड्याच्या आवारात. संग्रहालय बंद झाल्यावरच श्रोते आत येणार, तेही सुरक्षेच्या दरवाजातून. या सगळ्यामुळे ही जागा वर्षभर चालणारे नाट्यगृह कधीच होऊ शकली नाही, आणि माझ्या मते हेच तिच्या पथ्यावर पडले.

कागद काय सांगतो

आता मूळ मुद्दा. २०२० च्या निकालात न्यायालयाचा आधार भावनिक नव्हता, मालमत्तेचा होता. आया सोफिया ही फातिह म्हणजे विजेता म्हणवणाऱ्या दुसऱ्या मेहमेदच्या वक्फाची मालमत्ता आहे, वक्फनाम्यात तिचा उपयोग मशीद म्हणून लिहिला आहे, आणि वक्फ करणाऱ्याने घातलेली अट सरकारला बदलता येत नाही, असे ते म्हणणे. महाराष्ट्रातल्या देवस्थान इनाम जमिनींचे दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

हा धागा हाती धरला की बाकीची उदाहरणे त्याच रांगेत लागतात. इझनिक या गावातली त्याच नावाची दुसरी आया सोफिया २०११ मध्ये पुन्हा मशीद झाली, त्राब्झोनची २०१३ मध्ये. इस्तंबूलचे कारिये, म्हणजे जुने खोरा चर्च, दुसऱ्या बायझिदच्या अतिक अली पाशा या वजिराने मशिदीत बदलले होते. त्याचेही संग्रहालयपण गेले आणि मे २०२४ मध्ये ते नमाजासाठी उघडले. या सगळ्या आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय अशा वाटेने आलेल्या. आया इरिनीच्या वाटेत मधला टप्पाच नाही.

याची उलटतपासणीही शहरातच सापडते. बोस्फोरसवरच्या रुमेली हिसारी किल्ल्यात १९५० च्या दशकातल्या दुरुस्तीत खुले नाट्यगृह बांधले गेले आणि तिथल्या उन्हाळी मैफली पुढे फार गाजल्या. पण त्या नाट्यगृहाच्या जागी एके काळी मेहमेदची छोटी मशीद होती आणि तिच्या मिनाराचा बुंधा उभा होता. मैफली बंद झाल्या आणि मशीद पुन्हा बांधली गेली. तिथे इमारत नव्हती, फक्त बुंधा होता. तरी तेवढे पुरले.

रशियात दावा दुसऱ्या बाजूने येतो. चेल्याबिन्स्कमध्ये अलेक्झांडर नेव्हस्की चर्चमध्ये १९८७ पासून जर्मन ऑयले कंपनीचा मोठा ऑर्गन वाजत होता. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्येच नसतात, त्यामुळे तसे पाहिले तर हा प्रकार मुळातच विजोड. धार्मिक मालमत्ता परत करण्याचा कायदा २०१० मध्ये झाला, चर्चने इमारत मागितली, आणि ऑर्गन सुटा करून 'रोदिना' या जुन्या चित्रपटगृहात हलवावा लागला. श्रोत्यांनी विरोध केला होता. पण मूळ मालक जिवंत आणि संघटित असला की श्रोत्यांचा विरोध फार टिकत नाही.

इस्तंबूलमध्ये मूळ मालक कोण, हा प्रश्न इथेच अवघड होतो. आया इरिनीवर मशिदीचा दावा नाही याचे कारण शिलेखाना. चर्चचा दावा ऐकू येत नाही याचे कारण वेगळे आहे आणि ते गोड नाही. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीतून इस्तंबूलचे ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वगळले होते. तेव्हा ते लाखाच्या घरात होते. सप्टेंबर १९५५ च्या दंगलीत त्यांची दुकाने आणि चर्चे फोडली गेली, १९६४ मध्ये हजारोंना देशाबाहेर काढले गेले. आज ते दोन-तीन हजार उरले असतील. शहरातल्या फेनर भागातल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाला चालू चर्चांत भाविक मिळवणे कठीण, तिथे राजवाड्याच्या आवारातल्या एका रिकाम्या चर्चसाठी कोण भांडणार? आया इरिनी 'वादातीत' आहे असे तुर्की आणि परदेशी लेखक कौतुकाने लिहितात. वाद घालायला माणसेच उरली नाहीत, हे त्या कौतुकात येत नाही.

म्हणून मी या प्रकरणाला आदर्श नमुना म्हणणार नाही. व्यवस्थापनाचा नमुना म्हणून त्यातून घेण्यासारखे आहे: थोडे कार्यक्रम, काढता येण्याजोगी मांडणी, जागेला साजेसे संगीत, क्रूस न झाकणे. पण इथे वाद नाहीत त्याचे श्रेय व्यवस्थापनाचे नाही. ते १४५३ नंतरच्या एका लष्करी सोयीचे आणि विसाव्या शतकातल्या हाकलाहाकलीचे आहे. दुसऱ्या शहरात कुणी तीच मांडणी उचलली आणि इमारतीच्या आधीच्या मालकीचे कागद पाहिले नाहीत, तर त्याचा रुमेली हिसारी किंवा चेल्याबिन्स्क होईल.

सध्याची व्यवस्था

२०१४ पर्यंत सामान्य प्रवाशाला आत जायला खास परवानगी लागायची. मैफलीचे तिकीट हाच सोपा मार्ग होता. २०१४ पासून ती प्रवाशांना खुली झाली. २०१९ मध्ये तोपकापीचा कारभार संस्कृती मंत्रालयाकडून राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या राष्ट्रीय राजवाडे प्रशासनाकडे गेला, आणि कार्यक्रमांना परवानगी देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे. म्हणजे ज्या जागेवर ना वक्फाचा हक्क ना चर्चचा, तिथे शेवटचा शब्द आता थेट सत्तेचा आहे. एका सहीने मैफली थांबवता येतील आणि त्याविरुद्ध दाखवायला कुणाकडेही वक्फनाम्यासारखा कागद नाही. अजून तसे झालेले नाही. संगीत महोत्सव साधारण जूनच्या आसपास असतो. त्या सुमारास इस्तंबूलला जाणार असाल तर सहल ठरवण्याआधी त्याचे वेळापत्रक पाहा, कारण दिवसा आत गेलात तर क्रूस, पायऱ्या आणि बोळ दिसेल, पण घुमट कशासाठी आहे ते ऐकू येणार नाही.